केसपेपरवरचा एक शब्द

माझ्या बापाला दारुडा ठरवणाऱ्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

बाबा शाळामास्तर. नोकरीत असल्यापासून दारूबंदीची पत्रकं स्वतः लिहायचे, अलिबागला छापून आणायचे आणि रेवदंड्याच्या बंदरापासून आमच्या बौद्धवाडीपर्यंत वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्याच कागदांवर. अशा एका फेरीत रिक्षात चढताना त्यांचं डोकं वरच्या लोखंडी दांड्याला आपटलं. टेंगूळ आलं, खोबरेल चोळलं, विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी विहारात बोलताना त्यांची जीभ अडखळली. पाय ओढत खाली उतरले. मागून कोणीतरी ओरडलं, "गुरुजी, आज तुम्हीच टाकून आलात व्हय?" सगळे हसले. बाबाही हसले, तोंडाच्या एकाच बाजूने.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. डोक्याला हात लावला नाही, नाडीसुद्धा बघितली नाही. वाडी कोणती तेवढं विचारलं आणि केसपेपरवर लिहिलं: मद्यपान.

"ते थेंबही घेत नाहीत," मी म्हणाले.

"सगळ्यांच्या घरचे हेच सांगतात."

त्या शब्दाने आमचे नऊ दिवस खाल्ले. जिथे कागद दाखवला तिथे उत्तर एकच, "उतरली की आणा." दहाव्या दिवशी बाबांना शर्टाचं बटण लावता येईना. मी कागद घरी ठेवला आणि त्यांना पनवेलला मेंदूच्या सर्जनकडे नेलं.

तिच्या दारावरच्या पाटीवर पदव्या होत्या, खाली मराठीत आजार: मेंदूतल्या गाठी, रक्तस्राव, डोक्याला मार, फिट, मणक्यात दबलेली नस. बाबांमधला मास्तर त्याही अवस्थेत जागा होता. बोबड्या बोलीत विचारलं, "कुठल्या शाळेची गं तू?"

"आपल्याच किनाऱ्यावरची, गुरुजी. कोळ्यांची. आई मासळी सुकवायची." बोलता बोलता तिची बोटं त्यांच्या केसांतून फिरत होती. "डोळे मिटा. दोन्ही हात पुढे धरा."

डावा हात हळूहळू खाली आला.

"डोक्याला कधी लागलं होतं?"

महिनाभरात हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"कवटीखाली रक्त थोडंथोडं साचतं," ती मला म्हणाली. "वयस्कर माणसात आठवड्यांनी कळतं. तोवर लोक म्हणतात, प्यायलाय. बोटीच्या इंजिनातलं जुनं ऑइल बघितलंयस? तसं काळं निघेल."

कवटीला दोन भोकं पाडून तिने ते काढलं. तिसऱ्या दिवशी बाबा स्पष्ट बोलले. डाव्या हातातली ताकद मात्र पुरती आली नाही. बटणं अजून आई लावते.

मग मी त्या दवाखान्यात गेले. सकाळची वेळ, बाकं भरलेली. स्कॅनचा रिपोर्ट आणि तो केसपेपर टेबलावर ठेवला.

"अगं, आत ये ना, बसून बोलू."

"इथेच. सगळ्यांसमोर."

"चुकून झालं ते."

"मग मुद्दाम खोडा."

त्याने इतकी बारीक रेघ मारली की शब्द वाचता येत होता. मी कागद पुन्हा सरकवला. परत सरकवला. तिसऱ्यांदा पेन आरपार गेलं. शेजारी लिहायला लावलं: "न तपासता लिहिले." खाली सही.

घरी बाबांना सांगितलं, हे छापून वाटणार. ते म्हणाले, "त्याचं नाव घालू नकोस. बदनामी काय असते ते आपण बघितलंय."

म्हणूनच घातलं. पूर्ण, डिग्रीसकट.