सांगडीचा पांढरा पट्टा

पावणं, खरं सांगा, केरबाच्या सांगडीवर गाडी चढवून तुम्ही कधी पलीकडं गेलायसा काय? गेला असाल तर शेवटपर्यंत वाचा. नसाल तरी वाचा. धड उभा असलेला माणूस कसा मोडतो, ते तुम्हालाही कळायला पाहिजे.

राधानगरीच्या वरल्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यापलीकडं केरबाचं गाव. माझंही मूळ गाव तेच. समोरचा डांबरी रस्ता दिसतो, पण मधे पाणी. वळसा घालायचा तर अडतीस किलोमीटर घाट. केरबाचा बाप गुळाच्या काहिलीत बसवून माणसं पार करायचा. एका खेपेला चार माणसं, नाहीतर तीन माणसं आणि एक शेळी.

१९९९ साली गावानं सांगड आणली. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका शेडमधे ती बांधली. दोन लोखंडी होड्या शेजारी शेजारी, वर ऐनाच्या फळ्या, जुन्या ट्रकचं इंजिन आणि दोन्ही टोकांना ट्रकसारखा फाळका. एका फाळक्यावरून गाडी चढायची, दुसऱ्यावरून उतरायची. रिव्हर्सची भानगडच नाही. एक जीप, किंवा दुधाचा टेम्पो आणि सहा मोटारसायकली, बास. होड्यांच्या बाजूला वीतभर रुंद पांढरा पट्टा, त्याच्यावर नोंदणीचा नंबर. पाणी पट्ट्याला लागलं की केरबा इंजिनाला किल्ली लावायचा नाही.

एकदा गावदेवाची पालखी आली. मागं सत्तर माणसं, सगळी चढली. केरबा वाकून पट्टा बघून आला आणि फळ्यांवर मांडी घालून बसला.

पुजारी गरजला, "देवाला अडवतोस व्हय रं?"

"देवाला वजन न्हाय. तुमास्नी हाय की. उतरा निम्मी."

काठावरून त्याची बायको झुंबरबाई ओरडली, "आदी पुजाऱ्यास्नी उतरवा, पट्टा आपसूक वर येतोय!"

तेवीस वर्षं असं चाललं. माणूस सोडा, शेळीसुद्धा बुडाली नाही.

मग मी मधे पडलो. इंजिन धापा टाकायला लागलं होतं. मी सातवी शिकलेला, दुसऱ्यांच्या कागदांचे झेरॉक्स मारता मारता कायदा वाचलेला माणूस. होड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याला ठोकला अर्ज : सांगडीची तपासणी करा, नवं इंजिन द्या. साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार, असं उत्तर आलं आणि ते पत्र मी गावभर मिरवलं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुजतात, ट्रॅक्टर धुऊन हार घालतात. त्या वर्षी केरबानं सांगड काठावर ओढली आणि साहेब येणार म्हणून गडद निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. फाळक्यापासून बुडापर्यंत. झुंबरबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पट्टा आणि नंबर दोन्ही निळ्याखाली गेले, आणि ते कुणालाच खटकलं नाही. मी, कायदेवाला, मलाही नाही.

साहेबांनी सांगडीभोवती एक फेरा मारला. "भाररेषेचा पट्टा कुठाय?"

"रंगाखाली हाय की, साहेब."

"मग मीही कागदावर 'रंगाखाली' असंच लिहू?"

इंजिनाच्या पेटीला शील लागलं. केरबानं आठवडाभर रंग खरवडला. निळ्यासंगं पट्टाही निघाला, नंबरही. खाली नुसता गंज. खात्यात मूळ फाइल सापडत नाही. नंबर दिल्याशिवाय फाइल शोधत नाहीत आणि नंबर आहे त्या फाइलीत. मी टेबलं बडवली, शिव्या दिल्या, एकदा चौकीत बसून आलो. हललं काही नाही. कधीकाळी सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या पुलाचे सहा खांब तेवढे पाण्यात उभे आहेत. त्यांच्यावर बगळे बसतात.

गेल्या श्रावणात भर दुपारी झुंबरबाईच्या छातीत कळ आली. पलीकडच्या काठाला अँब्युलन्स येऊन थांबलेली दिसत होती. अलीकडं सांगड, आणि किल्ली केरबाच्या कनवटीला. बापाची काहिल कधीच फुटून गेलेली. तो हातोडा घेऊन शिलापाशी गेला. थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. जीप घाटानं काढली. वाटेत दरड पडलेली. झुंबरबाई जीपमधेच गेली.

तेराव्याला मी त्याच्यावर खेकसलो. "तोडायचं की शील! कोण फाशी देणार होतं तुला?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "सयाजी, हात उचललावता रं. मग वाटलं, तेवीस वर्षं लोकास्नी न्हाय म्हनत आलो, आन् माझ्या बायकूची पाळी आली की व्हय म्हनू? इचार करत ऱ्हायलो, लेका. नुसता इचार करत ऱ्हायलो."

तेव्हापासून तो फाळक्यावर बसून असतो. बायडाबाई, त्याची बहीण, भाकरी ठेवून जाते. संध्याकाळी तशीच परत नेते.

आता सांगड भंगारात काढायचा हुकूम निघालाय. येत्या पंधरा तारखेला गॅसकटर येणार. एका कारकुनानं हळूच सांगितलं, जुना नंबर दिसेल असा एखादा फोटो आणा, फाइल निघेल, कापणी थांबेल. मी केरबाला सांगायला धावलो. त्यानं वर बघितलंही नाही. "आता कुणाला न्यायचं? न्यायची हुती ती गेली."

पण त्या गावात अजून दोनशे माणसं राहतात आणि कळ कुणाच्याही छातीत येते.

म्हणून तुम्हाला विचारतोय. २०२२ च्या दसऱ्याआधी त्या सांगडीवर उभं राहून तुम्ही काठावरच्या कुणाकडून फोटो काढून घेतला असेल. लग्नाच्या अल्बमात असेल, फुटक्या काचेच्या जुन्या मोबाइलात असेल. तुमचं तोंड कापून टाका हवं तर. मला तुमच्या पायाखालचा पांढरा पट्टा आणि त्याच्यावरचा नंबर पाहिजे. कसबा बावड्यात येऊन सयाजीचं झेरॉक्सचं दुकान विचारा, कुणीही दाखवेल. पंधरा तारखेच्या आत तो फोटो मला आणून द्या.