काकांची साखर

भोपाळच्या आमच्या विद्यापीठात मधुमेहाच्या नव्या औषधाचा अभ्यास चालू होता, तेव्हा कोटऱ्याहून एक काका तपासणीला यायचे. बाह्या घरूनच कोपरापर्यंत दुमडून यायचे आणि मी रक्त घ्यायला सुई टोचताना उलट माझ्याकडेच काळजीने बघायचे. त्यांची साखर दर वेळी उतरलेली असे, आम्ही खुशीत.

एकदा मी सहज विचारलं, "काका, खाण्यात काही बदल?"

"हो तर. तपासणीच्या आधी आठवडाभर भात, गोड बिलकुल बंद ठेवतो. तलावापर्यंत पायी जातो. तुमचं औषध पास व्हायला पाहिजे ना, बेटा."

आता साखर औषधाने उतरली की काकांच्या मायेने, मला कळेना. मी बाकावरच्या बाकी रुग्णांकडे पाहिलं. सगळे बाह्या दुमडून माझ्याकडे तशाच काळजीने बघत होते.