झारी सरांचं मध्यंतर

झारी सर माझ्या सायबर कॅफेत बर्फावरची हॉकी बघायला यायचे. पडद्यावर चित्र दिसू लागलं, त्या पहिल्या आठवड्यात मी इंटरनेटवाल्याकडे तीनदा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा तक्रार एकच : चेंडू दिसत नाही. खेळाडू दिसत होते, काठ्या दिसत होत्या, धडकाधडकी दिसत होती, चेंडू तेवढा गायब. मी वायर बदलली. पडदा ओल्या फडक्यानं पुसला. मग कोरड्या फडक्यानं पुसला. शेवटी सरांना छातीठोकपणे सांगितलं, "सर, स्पीड कमी आहे. चेंडू वाटेतच अडकतोय."

सर शांतपणे म्हणाले, "चेंडू नसतोच त्यात. काळी चकती असते, चपटी. मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं बघू, तू कुठवर साफसफाई करतोस. आणि एक्स्ट्रा, तू सरावाला गोलमध्ये उभा राहायचास तेव्हा तरी तुला चेंडू कुठं दिसत होता?"

एक्स्ट्रा म्हणजे मी. दौंडच्या शाळेत सरांनी ठेवलेलं नाव. संघात अकरा जण खेळायचे, चार राखीव असायचे, आणि त्यानंतर मी. यवतच्या एसटी स्टँडसमोर माझा कॅफे झाला, पाटीवर माझं नाव ठळक अक्षरांत लागलं, केस विरळ झाले, तरी सर रस्त्यावरूनच हाक मारायचे, "एक्स्ट्रा, लाइट आहे का?"

आता त्यांच्या नावाविषयी. सर पीटी शिकवायचे आणि हॉकी जगायचे. दौंडचं आमचं मैदान मुरमाचं. उन्हात त्यावर पळालं की एवढी धूळ उठायची की पास कुणाला दिला ते दिल्यावर कळायचं. म्हणून सर पहाटे जस्ताच्या दोन झाऱ्या घेऊन हजर. मैदानाचे पट्टे पाडलेले, एकेक पट्टा एकेका पोराकडे. काठाकडून सुरुवात करायची, आणि परत येताना आधीच्या पट्ट्यावर अर्धी झारी चढवायची, म्हणजे मधे कोरडं राहत नाही. कोपरे मात्र हातानं. ओंजळीनं. "आधी पाणी, मग खेळ," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा कुणी मोठे साहेब सामना बघायला आले होते, त्यांचे बूट खराब होतील म्हणून मुख्याध्यापकांनी सांगितलं, आज पाणी नको. सर म्हणाले, "मग आज साहेबांनाच खेळवा." पाणी पडलं. साहेबांचे बूटही खराब झाले.

असा माणूस निवृत्तीनंतर, बायको गेल्यावर, भांडगावातल्या दोन खोल्यांत एकटा राहत होता आणि हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीन सकाळी सहा आसनी रिक्षात कोंबून घेऊन माझ्याकडे येत होता. येताना डोक्यावर तीच पांढरी टोपी. आल्यावर खुर्चीचं बूड आधी हातानं झटकायचे, माझ्याकडे बघायचे आणि बसायचे.

येण्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अगदी मैदानाची मापं सांगावीत तसं. त्यांची भाची कॅनडात नर्स होती. तिचं पत्र आलं होतं. सरांचा मुलगा संदेश तिथं पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहरात हॉकीच्या स्टेडियममध्ये कामाला होता. सामन्याच्या मध्यंतरात बर्फ खरबरीत होतो, तेव्हा एक गाडी त्यावर फिरते, बर्फ तासते आणि मागून पाणी सोडत जाते. ती गाडी संदेश चालवायचा.

"पाणी मारतो रे," सर म्हणाले. "मैदानाला पाणी मारतो." आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

संदेशनं त्यांना हे स्वतः सांगितलं नव्हतं. तो वर्षातून एकदा, नाताळला फोन करायचा. तब्येत बरी आहे का, थंडी आहे का, ठेवतो. सरांना त्याला बघायचं होतं. फोटो नाही, काम करताना. भाचीकडून फोटो मागवू, असं मी म्हटलं तर म्हणाले, "फोटोत माणूस उभा असतो. काम कसं करतो ते नाही कळत."

मी "बघू या की सर" म्हणालो आणि उगाचच माउस पुसत बसलो. कारण बापलेकांमधला अबोला कुठल्या दिवशी सुरू झाला, ते माझ्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी जिल्हा स्पर्धेसाठी आमच्या संघाची निवड होती. संदेश आमचा कॅप्टन, डावखुरा आणि निर्विवाद सगळ्यांत चांगला. पाण्याचे पट्टे वाटून झाले. लांबच्या गोलसमोरचा पट्टा माझ्या वाट्याला आला. मी झारी भिंतीआड ठेवली आणि रेल्वे क्वार्टर्समागच्या झाडावर पेरू लागले होते, तिकडे गेलो. परत आलो तर सर त्या कोरड्या पट्ट्यावर उभे. "हा पट्टा कुणाचा?" माझ्या चड्डीच्या खिशात दोन पेरू, तोंडात तिसरा. संदेशनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझा."

सरांनी त्याला तिथल्या तिथे काढलं. सगळ्यांसमोर. रिकाम्या झालेल्या जागेवर सगळे राखीव एकेक पायरी वर सरकले आणि यादीच्या तळाशी माझं नाव लागलं. त्या स्पर्धेत मी चार दिवस बाटल्या भरल्या, एक मिनिट खेळलो नाही. संदेशनं पुन्हा काठी हातात घेतली नाही. पुढं नोकरी शोधत आधी पुण्याला, मग भाचीच्या ओळखीनं तिकडं.

तर, मला ते मध्यंतर सरांना दाखवायचंच होतं. प्रायश्चित्त म्हणा, किंवा पेरू पचवायची धडपड म्हणा.

पहिला उपाय रेडिओचा. तिकडचं एक केंद्र इंटरनेटवर ऐकू यायचं. समालोचक एवढ्या वेगानं बोलायचा की सर म्हणाले, "हा श्वास मध्यंतरात घेतो बहुतेक." पण मध्यंतर आलं की जाहिराती. दुसरा उपाय आकड्यांच्या पानाचा : दर मिनिटाला आकडे बदलायचे, चित्र काहीच नाही. तिसऱ्या उपायात, ब्रॉडबँड आल्यावर, पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र मिळालं. हे चोरटं संकेतस्थळ होतं आणि सामन्याच्या चारी बाजूंनी अपुऱ्या कपड्यांतल्या मुली नाचायच्या. सरांनी टोपी काढून पडद्याच्या कडेला आडवी धरली. "प्रभू रे! एक्स्ट्रा, यांना थंडी नाही का वाजत?" पुढचे कितीतरी सामने आम्ही टोपीच्या आडोशानं बघितले. मी डावीकडची बाजू वहीनं झाकायचो. त्या बघण्यातून सरांना खेळही कळायला लागला होता. "धक्काबुक्की सोडली तर पोरं बरी आहेत," हा त्यांचा शेरा.

पण मध्यंतर! सामना आपल्या सकाळी साडेआठला सुरू व्हायचा आणि पहिलं मध्यंतर सव्वानऊच्या आसपास. आमचं लोडशेडिंग बरोबर नऊला. इन्व्हर्टर आणला, तर मध्यंतरात कॅमेरा मैदान सोडून कोट घातलेल्या तीन तज्ज्ञांकडे जायचा. तिघं टेबलाशी बसून बोलायचे आणि त्यांच्या मागं कुठंतरी, न दिसणाऱ्या बर्फावर, संदेश पाणी मारत असायचा. सर खुर्चीतून वाकून त्या तिघांच्या मागं बघायचा प्रयत्न करायचे. खरंच. मान तिरकी करून.

शेवटी फेब्रुवारीत एक पान सापडलं. त्याच्याकडे जाहिरातीही नव्हत्या आणि तज्ज्ञही. मध्यंतर झालं की आवाज बंद, आणि कॅमेरा नुसता रिकाम्या बर्फाकडे बघत उभा. आम्ही श्वास रोखून बसलो. कोपऱ्यातलं दार उघडलं आणि एक बोजड गाडी डुलत डुलत बाहेर आली. वर लाल टोपीतला माणूस, मुंगीएवढा.

मांडवगणचे एक पाव्हणे पोरीच्या फॉर्मसाठी थांबले होते. त्यांनी मागून वाकून विचारलं, "आबा, बर्फावर ट्रॅक्टर? आन् पेरनार काय त्यात?"

सरांचं लक्ष नव्हतं. गाडी काठाकडून सुरू झाली. लांब गेली, वळली, आणि परत येताना आधीच्या ओल्या पट्ट्यावर अर्धी चढली. सर उभे राहिले. पट्ट्यामागून पट्टा, मधे कोरडी रेघ म्हणून नाही. शेवटी ती लांबच्या गोलपाशी थांबली, मुंगी खाली उतरली, बादली घेतली, गुडघ्यावर बसली आणि कोपरा हातानं सारखा करू लागली.

"डाव्या हातानं," सर पुटपुटले.

"कोन हाय त्यो?" पाव्हण्यांनी विचारलं.

"संदेश," सर म्हणाले. "माझा मुलगा." इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. पत्राविषयी सांगतानासुद्धा ते 'आमचा' एवढंच म्हणायचे.

पाव्हण्यांनी पडद्याला रीतसर नमस्कार केला. "काम झ्याक करतोय बरं का."

सर खाली बसले. टोपी मांडीवर. म्हणाले, "असा माणूस पट्टा कोरडा कसा ठेवेल रे? तेव्हा मला कळायला हवं होतं. मी विचारलंसुद्धा नाही दुसऱ्यांदा."

बोलायचं नाही असं मी रोज ठरवत आलो होतो. पण तोंडातून आलंच, "सर, तो पट्टा माझा होता." मग पेरू, भिंत, झारी, सगळं.

सरांनी टोपी घातली. पायरी उतरले आणि रिक्षा न थांबवता भांडगावच्या दिशेनं चालू लागले. उन्हातून. मी मागं जायला निघालो तेव्हा हात वर करून थांबवलं, पूर्वी मैदानाबाहेर काढताना करायचे तसा.

घरी बायकोला सांगितलं. सुनंदा भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला नाही. "एवढी वर्षं पोटात ठेवलंत?" म्हणाली. "आणि मी साडी लपवली की दोन तासांत ओळखता!" मग थोड्या वेळानं, "येतील सर. खेळायला नाही आले तर पाणी मारायला येतील."

दहा दिवस आले नाहीत. त्या दहा दिवसांत मी सगळे सामने एकट्यानं बघितले, कुठला संघ कुठला हे न कळता, फक्त मध्यंतरासाठी. अकराव्या सकाळी रस्त्यावरून हाक आली, "एक्स्ट्रा, लाइट आहे का?"

आत येऊन खुर्ची झटकून बसले. सामना शेवटपर्यंत बघितला. मग भाचीच्या पत्रावरचा संदेशचा नंबर पुढे केला. "लाव."

कॉम्प्युटरवरून फोन लावला. टोपीवर हेडफोन बसेना, टोपी ते काढेनात, म्हणून स्पीकर सुरू ठेवावा लागला. तिकडे रात्र पडलेली, संदेश नुकता कामावरून सुटलेला. तो घाबरूनच म्हणाला, "पप्पा? काय झालं?"

"काही नाही. मधल्या रेघेपाशी गाडी जरा हळू घे. पाणी तिथं कमी पडतंय."

पलीकडून अगदी बारीक आवाज, "तुम्ही... बघितलं?"

"हिवाळाभर बघतोय. दिसलास आत्ता." सरांनी घसा साफ केला. "तो दौंडचा पट्टा तुझा नव्हता, हे मला कळलं. चुकलो मी. तू असं का सांगितलंस रे?"

"मला वाटलं, माझं नाव आलं तर तुम्ही सोडून द्याल. एक्स्ट्राचं आलं असतं तर तुम्ही त्याला शाळेतनंच काढलं असतं."

"आणि मला वाटलं, माझाच मुलगा म्हणून सोडला, असं कुणी म्हणू नये," सर म्हणाले.

स्पीकरमधून नुसती खरखर. मी तिथून उठावं की न उठावं या विचारात असताना सर म्हणाले, "एक्स्ट्रा इथंच बसलाय. काही बोलायचंय त्याच्याशी?"

संदेश हसला. रडून झाल्यावर हसतात तसं. "त्याला विचारा, पेरू गोड होते का."

गोड नव्हते. कच्चे होते. पण हे सांगायचं सोडून मी माउस पुसत बसलो.

त्यानंतर संदेश लांबच्या गोलपाशी वळताना कॅमेऱ्याकडे बघून डावा हात उंचावू लागला. सरही इकडे हात वर करायचे. त्याला दिसत नाही, असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "तू वायर पूस." पुढच्या वर्षी संदेश येऊन महिनाभर राहिला. बापलेक दौंडला जाऊन आले, मैदानाच्या अर्ध्या भागात तेव्हा इमारत उभी राहिली होती. उरलेल्या अर्ध्याला दोघांनी पाणी मारलं म्हणे. खेळायला कुणी नव्हतंच.

त्यानंतर चार हिवाळे आम्ही बघितले. पाचव्यात, सामने सुरू व्हायच्या आधीच, सर झोपेत गेले. संदेश आला, चर्चमध्ये प्रार्थना झाली, दफनानंतर त्यानं कबरीवरच्या ताज्या मातीला झारीनं पाणी घातलं. काठाकडून सुरुवात करून. कोपरे ओंजळीनं. परत जाताना ती झारी त्यानं माझ्या हातात दिली. "तिकडं गाडी आहे," म्हणाला.

कॅफे आता बंद झालाय, लोक सगळं मोबाइलवरच बघतात. मीही बघतो कधीतरी सकाळी, अंगठ्याएवढ्या पडद्यावर. काळी चकती मला अजून दिसत नाही.

झारी घरी आणली त्या दिवशी संध्याकाळीच मी अंगणात पाणी मारलं. चांगलं मन लावून, पट्टे पाडून, अर्धी झारी चढवून. अर्धा तास लागला, कंबर धरली. आत येऊन जरा ऐटीतच सुनंदाला म्हणालो, "ये, बघ. असं मारतात पाणी."

ती पदराला हात पुसत दारात आली. सगळ्या अंगणावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "अहो, त्या पलीकडच्या टोकाला कोरडं राहिलंय."