सुनंदाचा थेंब

सुनंदाच्या यजमानांचा, दिलीपरावांचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. "शैलाताई, सुनंदा गेली," एवढंच ते म्हणाले. मेंदूत रक्तस्राव, वाशीच्या हॉस्पिटलात नेईपर्यंतच खेळ संपला होता. दूध उतू गेलं, शेगडी विझली, आणि मला रडू नाही आलं, संताप आला. आधी तिच्यावरच... इतकं कसलं घाईनं जायचं होतं बाईला? मग आमच्या कॉलेजवर. तो संताप काही आठवडे उलटले तरी उतरलेला नाही. स्मृतिलेखात ज्यांना गोडवा हवा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

नेरूळच्या कॉलेजात आम्ही दोघी एकदमच लागलो. भोवती तेव्हा नुसतं मुरूम टाकलेलं मैदान होतं, सेक्टरचा नंबर सांगितला तरी रिक्षावाला यायला कुरकुरायचा. मी मराठी शिकवायची, ती पदार्थविज्ञान. बारावीला शिकवणाऱ्या बाईनं पोर्शन पुरा करावा, पेपर तपासावेत आणि हळदीकुंकवाला नटून यावं, अशी सर्वसाधारण अपेक्षा. सुनंदाला मात्र संशोधनाचा नाद होता, आणि विषय कोणता, तर पाण्याचा थेंब! मी हसले होते. तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, घावनांसाठी तापवलेल्या बिडाच्या तव्यावर पाणी शिंपडलं. थेंब टुणटुण नाचायला लागले. "बघ, तव्याला टेकतसुद्धा नाहीत. खाली वाफेची गादी असते," ती म्हणाली. "माझा थेंब याच्यापेक्षा कितीतरी लहान. नुसते काही हजार रेणू. पुस्तकं सांगतात, वाफ किती भरभर पसरते त्यावर थेंब किती भरभर आटेल ते ठरतं. मला वाटतं, इतक्या लहानग्याचं तसं नसावं गं. वाफ जायला तयारच असते, पण रेणूला सुटायला ऊब लागते आणि तीच आत पोचत नाही. थेंबाच्या उंबरठ्यावर अडखळते. बाहेर गरम, आत गार, मध्ये तापमानाची पायरी."

"आणि ती पायरी दिसते कुणाला?"

"कुणालाच नाही. म्हणून तर गणित करायचं. कोणता रेणू कुणाला किती ढकलतो, ते पुन्हा पुन्हा मोजत राहायचं. संगणकाशिवाय होणार नाही ते."

संगणक कॉलेजात होता. एकुलता एक. साठ-साठ पोरं पत्र्याखाली घामाघूम व्हायची, पण त्याच्यासाठी एसी होता, झालर लावलेलं कापडी आवरण होतं, आणि खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्याच्यावर छापलं काय जायचं, तर वेळापत्रक आणि गॅदरिंगचं आमंत्रण. ऑफिस सुटलं की मेन स्विच बंद, हा नियम. सुनंदाचं गणित दिवसच्या दिवस अखंड चालायला हवं, ते रोज संध्याकाळी बंद पडायचं. आदल्या जागेवरून पुढे न्यायची सोय तिनं केली होती, पण सकाळी तिच्याआधी टायपिस्टबाईंचा नंबर असे. दोन वर्षं तिनं प्राचार्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे पहिल्या चाचणी परीक्षेनंतर यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायची परवानगी मिळाली. त्या दिवशी तिनं स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले. संगणक चालू ठेवायला मिळाला म्हणून पेढे वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा करतो, करावीच. पण पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नसतं. प्राचार्यांनी ना सुनंदाला विचारलं, ना कळवलं. सोवळं नेसून आले आणि मेन स्विच बंद करायला लावला. पडद्याला हळदकुंकू झालं, कळफलकावर झेंडू झाले, फुलानं तीर्थ शिंपडून झालं, वर मूठभर अक्षता. दसऱ्यानंतर सुनंदा त्या खोलीत शिरली तेव्हा फ्लॉपीच्या फटीत तांदूळ अडकले होते. तिनं म्हात्रेमामांना, आमच्या शिपायांना, विचारलं.

"बाय, सायबांनी सांगितला मशीन पूजेला हाय," ते गोंधळून म्हणाले. "चालू मशीनला हलदकुकू कसा लावनार?"

तिनं बटण दाबताच आतून चर्र झालं आणि जळका वास आला. यंत्र गेलं आणि त्यात साठवलेलं गणितही गेलं. इथवर मी अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढच्याच स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "सतत चालवून बाईंनी मशीन तापवलं, जाळलं. फिजिक्सच्या बाईंना एवढं कळू नये?" माणसं हसली हो! मी उठून पूजेच्या पाण्याचा विषय काढला, तर म्हणे, "मॅडम, श्रद्धेच्या गोष्टीत राजकारण नको." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. नवं यंत्र आलं, सुनंदाला त्या खोलीत कायमची बंदी झाली. मी चिडले की ती म्हणायची, "अगं, यांच्याशी भांडत बसले तर थेंबाकडे कोण बघणार?" मला तिचा तो सोशिकपणा कधी पटला नाही, आजही पटत नाही.

शोकसभेत हेच प्राचार्य गहिवरून म्हणाले, "संगणककक्ष म्हणजे बाईंचं दुसरं घर! त्याला आपण त्यांचंच नाव देऊ." टाळ्यासुद्धा वाजल्या. मी उभी राहिले. "पाटी खुशाल लावा सर. पण आधी सांगा, मशीन तिनं जाळलं नव्हतं."

"शैलाबाई, ही वेळ नव्हे," ते म्हणाले आणि त्यांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. इतकी वर्षं पाळलीच होती की! मी तशीच बाहेर पडले आणि सरळ तिच्या घरी गेले.

भेटायला आलेल्या दिलीपरावांच्या वहिनी आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. आत टेबलावर जुनाट, पिवळा पडलेला संगणक घरघरत होता, पडद्यावर आकड्यांच्या ओळी वर सरकत होत्या. कुणाचा तरी टाकाऊ संगणक सुनंदानं आणला होता म्हणे. मला बोलली नव्हती... मी कॉलेजात जाऊन बोंब मारीन ही धास्ती असणार. थेंबाचं सगळं गणित तिनं पहिल्यापासून पुन्हा मांडलं होतं. गेली त्या सकाळीच सुरू करून ती वर्गावर गेली होती.

"माणूस गेलं, आता कुणासाठी वीज जाळायची?" वहिनी म्हणाल्या. "करा बंद ते."

दिलीपराव बँकेतले, त्यांना यातलं काही कळत नाही. मलाही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, किती दिवस चालायचं, संपलं की काय होतं, काहीच सांगून गेली नाही. बंद करू?"

"हात लावून तर बघा," मी म्हटलं. "ती वर्गावर गेलीय असं समजा."

त्यांनी मान हलवली, वहिनींना बाजूला केलं आणि टेबलपंख्याचं तोंड यंत्राकडे वळवलं.