तीन बटणांचा कोपरा

लांजीच्या बसचा कंडक्टर वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "मास्तरजी, बालाघाटचे आपले टेलर गेले. काल दुपारी." मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. हातातली उत्तरपत्रिका पुरी केली, गुण मांडले आणि मगच उठलो. हे सांगण्यासारखे नाही. पण सुखदेवरावांविषयी लिहायचे तर माझ्या या स्वभावापासूनच सुरुवात करणे भाग आहे. जे तत्काळ करायचे, ते मी नेहमी उशिरा करत आलो.

सुखदेवरावांचे बालाघाटच्या बाजारात शिलाईचे दुकान होते. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत होड्यांची शिडे शिवत. धम्मदीक्षेच्या वर्षी गावी परतले, ते शिडाच्या जाड सुया खिशात घालूनच. दुकानात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली त्या सुया ओळीने टोचलेल्या असत. पुढे एका सुताराला हाताशी धरून त्यांनी सागवानाची लहानशी होडी बांधली. दोघांना आडवे होता येईल एवढे तिला छप्पर होते. गावापासून दहा-बारा मैलांवरच्या मोठ्या तलावात ती घेऊन ते दोन-दोन दिवस राहत. मी कोटाचे माप द्यायला गेलो आणि शिडाचे कापड न्याहाळत उभा राहिलो. त्या वेळी माझी चाळिशी उलटली होती.

"पोहता येते काय, मास्तर?" त्यांनी विचारले.

"नाही."

"बेस झालं. पोहणारा माणूस होडी लवकर सोडते." पुढच्याच सुट्टीत ते मला तलावावर घेऊन गेले, आणि मग मी नेहमीच त्यांच्याबरोबर जाऊ लागलो.

होडीवर एक लहान, त्रिकोणी, गोणपाटासारखे जाड शीड असे. वारा उधळला की मोठे शीड उतरवायचे आणि पुढच्या बाजूला हे चढवायचे. होडी आडवी पडत नाही आणि सुकाणूचेही ऐकते. मात्र किनाऱ्यावरून निघण्यापूर्वीच ते दोराला ओवून, तिन्ही कोपरे जागच्या जागी बांधून, नुसते ओढायचे बाकी ठेवायचे, हा त्यांचा नेम होता. "वादळाचं शीड शांत वाऱ्यातच बांधा लागते, मास्तर. वारा सुटल्यावर हात आपले राह्यत नाही." हे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. माझे बांधून झाले की ते एकेक गाठ ओढून पाहत. त्यात अविश्वास नव्हता, गोदीतली ती सवय होती. पण माझे कान लाल होत. एकदा त्यांच्या ते लक्षात आले... आणि पुढच्या खेपेस त्यांनी गाठी तपासल्या नाहीत. नुसते विचारले, "झालं ना?" मी म्हणालो, "झालं."

झाले नव्हते. घडी उलगडताना कोणता कोपरा वरचा, याची मला शंका आली होती. विचारायचा संकोच वाटला, म्हणून मी तर्क चालवला. जिथे कापडाचे थर जास्त तो मजबूत, आणि मजबूत तो वर. वस्तुतः ते थर खालच्या कोपऱ्याचे होते, कारण ताण तिथे बसतो. शिकलेल्या माणसालाच सुचावी अशी ही चूक होती. ज्येष्ठातल्या त्या दुपारी तलावाच्या मध्यावर आकाश काळे झाले. सुखदेवरावांनी मोठे शीड उतरवले, लहान शीड ओढले, आणि ते उलटे चढले. खालचा निमुळता भाग चाबकासारखा फडफडू लागला, होडी वाऱ्याला आडवी झाली. ते पुढे सरकले, दोर सोडवायला हात घातला, तोच हिसका बसला. उजव्या हाताची दोन बोटे दोर आणि कप्पीच्या मध्ये सापडली. तेवढ्यातही त्यांनी डाव्या हाताने ते शीड खाली आणले आणि मला ओरडून सुकाणू धरायला लावले. आम्ही किनाऱ्याला लागलो.

त्यांच्या पत्नी अनसूयावहिनींनी दवाखान्यात विचारले, "कसं झालं हे?" मी दाराशी उभा होतो. सुखदेवराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माझीच चूक. मीच उलटं बांधलं." मी बोलणार होतो... बोललो नाही.

ती दोन बोटे गेलीच, आणि त्यानंतर बारीक काम त्यांच्या हातून होईना. कोट गेले, उशांचे अभ्रे आणि पायजमे राहिले. होडी तलावात मासे धरणाऱ्या ढीमरांना देऊन टाकली. वहिनींचे टोमणे मात्र चालूच राहिले. "मुंबईचा दर्या पाहून आले, अन् तलावात बोटं देऊन बसले!" आठ वर्षे मी ते त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या घरचा चहा पीत ऐकले. सुखदेवराव हसून म्हणत, "हौ ना, येडाच हावो मी."

ते गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी वहिनींकडे गेलो. त्यांनी ट्रंकेतून ते शीड काढून माझ्यापुढे ठेवले. "तुमीच घेऊन जा, मास्तरजी. मले काय उपयोग?" घडी उलगडताना बोटांना काही टणक लागले. वरच्या कोपऱ्यावर तीन बटणे शिवली होती, शर्टाची, पांढरी. डोळे मिटूनही बोटांनी ओळखता यावा असा तो कोपरा केला होता. टाके वेडेवाकडे होते, म्हणजे डाव्या हाताचे. होडी राहिली नव्हती, तरी ती शिवली होती. कोणासाठी, ते मला कळले.

मग मी वहिनींना खरे काय ते सांगितले.

"आठ वर्सं," त्या म्हणाल्या, "आठ वर्सं मी त्याईले बोलून राह्यली होती. तुमी समोर बसून आयकत होते." हा लेख म्हणजे त्याचे उत्तर नव्हे. मी उठू लागलो, तेव्हा त्यांनी शिडाचा कोपरा पायाने माझ्याकडे सरकवला. "बांधून दाखवा. कसं बांधाचं असते, ते."

ओट्याच्या खांबाला मी दोर लावला. अंगणात पान हलत नव्हते. तीन बटणे वर, जाड थर खाली, तिसरा कोपरा मागे. झाल्यावर मी बाजूला सरलो. वहिनी पुढे आल्या आणि एकेक गाठ ओढून पाहू लागल्या, पहिली, दुसरी, तिसरी... त्यांच्या घरधन्यासारख्याच, सावकाश. त्या 'झालं ना?' विचारतील, याची वाट न पाहता मी म्हणालो, "अजून एकदा पाहा, वहिनी."

त्यांनी पुन्हा पाहिल्या.