वटारच्या किराइताला एक घागर

दुष्काळी माण तालुक्यातून निघताना आई म्हणाली, "पाणी दिसेल तिथं हात जोड." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही वनस्पतिशास्त्राचा; असले मला पटत नसे. पण वसईकडच्या वटारला एसटीतून उतरलो आणि हात जोडलेच. केळी, पानवेली, सोनचाफा, आणि वाडीवाडीत विहीर!

मुंबईच्या एका औषधी कारखान्याने मला किराईत (काढ्याचे अतिकडू झुडूप) पारखायला पाठवले होते. नोकरीतली पहिलीच पारख. मी होकार दिला तरच वटारच्या बागायतदार सिसिलियामावशींचा माल उचलला जाणार होता.

लाल लुगड्यातल्या मावशींनी आधी तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी वाढली. मग वाफे दाखवून त्या विळा आणायला घरात गेल्या. मी हबकलो. विहीर तुडुंब, आणि झुडपे खुजी, पाने मलूल! आपण बहात्तरचा दुष्काळ काढलेली माणसे. सुकते रोप बघवत नाही. विहिरीकाठची घागर उचलली आणि एका ओळीला पाजली.

"अरे देवा! काय केलंत साहेब?" मावशी धावत आल्या. "आठ दिवस ताण दिलाय (पाणी तोडलंय). उद्या कापणी!"

"असला वाळका माल मी पास कसा करू?"

"कॉलेजात पानं बघायलाच शिकवलं? चाखायला नाही?"

त्यांनी पाटाकडेच्या हिरव्यागार झुडपाचे पान दिले. कडू होते. मग ताणावरचे दिले. कडवटपणा थेट कानांत गेला, डोळ्यांत पाणी आले.

"पाणी मुबलक असलं की नुसतं वाढतं," मावशी म्हणाल्या. "जरा तोडलं की कडू धरतं."

"मग महिनाभर तोडा की!"

त्यांनी कोपऱ्यातला वाफा दाखवला. नुसत्या काड्या. "मागच्या खेपेला मीही तुमच्याएवढीच शहाणी होते."

कारखान्याच्या कागदावर 'वाढ' एवढाच रकाना होता. तिथे मी खरे तेच लिहिले: खुजी. खाली पट्टीने नवा रकाना आखला, 'कडूपणा: उत्तम, माल घ्यावा', आणि सही ठोकली. भिजलेली ओळ सोडून बाकी माल घ्यायचे ठरले.

"आणि ती ओळ?" मी ओशाळून विचारले.

"पुन्हा ताणावर. तुमच्या नावाची."

कारखान्यातल्या वैद्यबुवांनी माझा रकाना बघून भुवया चढवल्या, एक पान चावले, तोंड वेडेवाकडे केले आणि खाली सही केली.

दिवाळीला घरी आलो, आईला सगळे सांगितले.

"पाणी पाजलंस म्हणून बाई रागावली?" ती म्हणाली. "असलं गाव एकदा बघायला पाहिजे रे."