मोकळी मनगटं

पंचावन्न साली मूल गावी माझ्या पहिल्या मुलीला न्हाऊ घालायला एक बाई येई. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. कोपर बुडवून ती पाणी बघायची. त्याआधी हातातल्या घट्ट काचेच्या बांगड्या तेल लावून एकेक ओढून काढायची. हात लाल व्हायचे.

पहिल्याच दिवशी सासूबाई कडाडल्या, "सवाशीण ना तू? बाळंतिणीसमोर हात मोकळे काऊन केले?"

तिनं मुलीला पायांवर घेतलं. "बांगड्या मंग चढवतो, बाई. लेकराले ओरखडा पडला तर नवी कातडी कुठून आणू?"

सासूबाई हातातल्या बांगड्या वाजवत आत निघून गेल्या.

सव्वा महिन्यानं ती यायची थांबली. दुसऱ्या सकाळी सासूबाई स्वतः पाटावर बसल्या आणि मुलीला घ्यायला हात पुढे केले. दोन्ही मनगटं मोकळी होती.